खाटेभोवतीची जाळी

बिबट्या आमच्या कॉलनीत येतो हे आम्हाला आधी कुत्र्यांनी सांगितलं, मग शेजाऱ्यांनी, आणि सर्वांत शेवटी वनखात्याच्या पाटीने. पाटीवरचा बिबट्या इतका देखणा होता की लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. शेजारचा तपकिरी कुत्रा रोज सकाळी मी कॉलेजला निघाले की गल्लीच्या टोकापर्यंत सोबत यायचा. एके सकाळी तो आला नाही. त्याचा पट्टा नाल्याकडच्या कुंपणापाशी सापडला. त्यानंतर फोटो काढणं थांबलं.

आमची कॉलनी चंद्रपूरच्या अगदी कडेला आहे. मागे कुंपण, कुंपणापलीकडे नाला, नाल्यापलीकडे झुडपी जंगल, आणि ते झुडपी जंगल पुढे कुठे खरं जंगल होतं ते फक्त सरकारी नकाशाला माहीत. कुत्रा गेल्यावर दिवेलागणीला सगळी गल्ली आत जाऊ लागली. दारं लागायची, कूलर सुरू व्हायचे. बाहेर उरायचे फक्त माझे वडील, अंगणातल्या खाटेवर.

बाबांची सगळी नोकरी माजरीकडे जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीत झाली. निवृत्त होऊन वर आले ते असे आले की पुन्हा छताखाली झोपायचं नावच काढलं नाही. पावसाळ्यात पडवी, एरवी अंगण. थंडीत दोन ब्लँकेटं आणि कानटोपी, पण अंगणच. छातीत जुनी धूळ बसलेली. कूलरच्या ओल्या हवेत त्यांचा श्वास अडतो, आणि कूलर बंद केला तर चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीत भाकरी भाजता येते. मी त्यांना आत झोपवून पाहिलं. सकाळी उठले तर ते पलंगाच्या काठावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढून श्वास घेत.

"रात्रभर असेच बसला होतात?"

"आत झोपलं की खाली उतरल्यासारखं होते, बाई," ते म्हणाले. "फरक एवढाच का शिफ्ट संपत नाई."

म्हणजे आत ठेवावं तर श्वास नाही, बाहेर ठेवावं तर बिबट्या. मी पडवीत खुर्ची टाकून, मांडीवर बॅटरी आणि हातात खराट्याचा दांडा घेऊन बसू लागले. दुसऱ्या दिवशी वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना माझाच डोळा लागायचा. विद्यार्थ्यांनी तक्रार केली नाही. त्यांचाही लागलेला असायचा. पण असं किती दिवस चालणार? खाटेभोवती जाळी घालायची, हा विचार त्यातून आला. हवा आत येईल, बिबट्या येणार नाही. सोपं वाटलं होतं.

पहिला फोन पुण्याला धाकट्या भावाला केला. तो आर्किटेक्ट आहे. जाळी म्हणताच त्याचा आवाज खुलला.

"ताई, मग एक्स्पांडेड मेटलच घे. सध्या खूप चालतंय. आत्ताच एका ऑफिसच्या एलिव्हेशनला, दर्शनी बाजूला, आम्ही सोनेरी लावलंय. संध्याकाळी प्रकाश आणि सावल्यांचा असा खेळ होतो ना..."

बिबट्याला सावल्यांच्या खेळात रस असल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. पण त्याने पाठवलेल्या फोटोंसोबत एक कामाची गोष्ट आली. ही जाळी विणलेली नसते, जोडलेलीही नसते. पत्र्याला ओळीने चिरा पाडतात आणि पत्रा ताणतात. चिरांची हिऱ्याच्या आकाराची भोकं होतात. सगळी जाळी एकाच अंगाची. कुठे एक पट्टी तुटली तरी बाकीची उसवत नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि आपल्या शेजाऱ्यानं लावली ती?" शेजाऱ्याने कुत्रा गेल्यावर साखळीची जाळी लावली होती, तार तारेत अडकवून विणलेली. तिची एक तार तुटली की स्वेटरसारखी उसवते, हे मी त्यांना सांगितलं नाही. शेजाऱ्यालाही नाही. त्याचा कुत्रा आधीच गेला होता.

शहरातल्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला वातानुकूलित खोलीत बसवलं आणि गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक समोर ठेवलं. त्यात विमानतळ होते, हॉटेलं होती, जिन्यावरून हसत उतरणाऱ्या बायका होत्या. खाटेवर झोपलेला म्हातारा कुठेच नव्हता.

"मॅडम, तुमचं ॲप्लिकेशन काय आहे?" त्याने विचारलं. "इंडस्ट्रियल का आर्किटेक्चरल?"

"वडील आहेत," मी म्हटलं.

त्याने थोडा विचार करून आर्किटेक्चरलचं पान उघडलं. ॲल्युमिनियमची बारीक जाळी, हलकी, गंजत नाही, दिसायला फार छान. मी नमुन्याचा तुकडा हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी दाबला, तो वाकला. इतिहासाच्या मास्तरणीला वाकते ती जाळी बिबट्यापुढे काय टिकणार, हे विचारायची गरज पडली नाही. दुकानदाराने पान उलटलं.

त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात जाळीवाटपाचा कार्यक्रम झाला. मंच, मंचावर सोफा, सोफ्यावर पांढरे टॉवेल, समोर उन्हात आम्ही. तासाभराने एक नेते आले. शाल, श्रीफळ, मग भाषण. भाषणात वाघ हा आपला अभिमान आणि बिबट्या हा आपला पाहुणा असल्याचं कळलं. मग खिडकीपुरत्या जाळीचे तुकडे वाटले. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध नेत्यांचा हसरा फोटो छापलेला पत्रा रिव्हेट मारून बसवलेला होता, आणि तो एवढा मोठा की हवा यायची ती फोटोतल्या कानांच्या बाजूने. फोटो पाहून बिबट्याने मागे फिरावं, अशी योजना असावी. बाबांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "आवाज पोकळ हाय." तो तुकडा आता बाथरूममध्ये ओल्या चपला ठेवायच्या कामी येतो.

शेवटी वेल्डर मिळाला तो घुग्घुसचा. सिमेंट कारखान्यात मशीनच्या बाजूने चालायला उंचावर जाळीच्या वाटा असतात, त्या बनवायचं त्याचं काम. बोलायला भारी मोकळा. आल्या आल्या त्याने अंगण पाहिलं, खाट पाहिली, खाटेवरचे बाबा पाहिले.

"काकाजी, पिंजऱ्यात बसणार तुम्ही? बिबट्या बाहेरून तिकीट काढून पाहीन तुमाले."

"पाहू दे," बाबा म्हणाले. "मी बी त्याले पाहीन. फुकटात."

वेल्डर आणि मी अंगणात पायऱ्यांवर बसून जाळी निवडली. त्याने पोत्यातून तीनचार तुकडे काढून मांडले. भोक मोठं घेतलं तर हवा भरपूर, पण पंजा आत येईल. बारीक घेतलं तर पंजा येणार नाही, पण आपल्या इकडची कोळशाची धूळ कोपऱ्याकोपऱ्यात बसेल, पहिल्या पावसात तिचा चिखल होईल आणि दिवाळीपर्यंत जाळीची भिंत झालेली असेल. कारखान्यात हे रोज पाहतो, तो म्हणाला. मग मधलं भोक, ज्यात माझी बोटं जातील पण मूठ जाणार नाही. साधा लोखंडी पत्रा रंग लावला तरी गंजणार, म्हणून जस्त चढवलेला. पट्टी जाड, कारण इथे वजन माणसाचं नाही, जनावराच्या झेपेचं होतं.

एक प्रश्न उरला. ही जाळी दोन तऱ्हेची मिळते. ताणल्यावर तशीच सोडलेली, जिच्या पट्ट्या तिरक्या उभ्या राहतात, आणि रोलरखाली दाबून सपाट केलेली. सपाट हाताला लागत नाही. तिरकी जास्त ताठ असते, पण धार लागते. मी सपाटकडे झुकले होते. बाबा रात्री उठताना जाळीचाच आधार घेणार, हात कापला तर काय.

"सपाट नको, ताई," वेल्डर म्हणाला. "तेवढ्याच जाडीत हे लवते. जनावर पूर्ण वजनानं आदळलं का पोट काढते. काकाजीच्या हाताले मी आतून पाइपाचा कठडा देतो ना."

तिरकी ठरली. वरूनही जाळी लागणारच होती, कारण बिबट्या झाडावर चढतो आणि आमच्या अंगणात कडुनिंब आहे. भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'रंग मॅट ब्लॅक ठेव.'

पिंजरा उभा राहिला तेव्हा गल्ली पाहायला जमली. आमचं घर एकदम प्राणिसंग्रहालयाचं फाटक झाल्यासारखं वाटत होतं. काम संपल्यावर वेल्डर बाजूला झाला आणि बाबा काठी घेऊन आत गेले. खाटेवर बसले नाहीत. काठी उलटी धरून त्यांनी वरची जाळी ठोकायला सुरुवात केली. एका कोपऱ्यापासून, ओळीने, प्रत्येक ठोक्यानंतर थांबून, मान तिरकी करून.

वेल्डर कुजबुजला, "काऊन ठोकून राह्यले काकाजी? पक्कं हाय ते."

मला ठाऊक होतं. खाणीत नव्या जागी बसण्याआधी छत ठोकून पाहतात. खणखणीत आवाज आला तर दगड धरलेला आहे, ढबढब आला तर सुटलेला. घरीसुद्धा कुठल्याही नव्या खोलीत गेले की त्यांची नजर आधी वर जाते. लग्नाच्या मांडवातही. पण आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती त्यांनी बाहेर येऊन सांगितली.

"छताले जाळी कुठी लावतात, माहीत हाय? जिथी छत खराब असते तिथी. चांगल्या छताले कोणी जाळी लावत नाई."

"बाबा, इथे छतच नाही. वर आकाश आहे."

"दिसत नाई ना पण."

मला वाटलं, हट्ट. वर मान केली तर आकाश दिसत होतं, हिऱ्याहिऱ्यांचं, पण दिसत होतं. ते खाट ओढत पिंजऱ्याच्या बाहेर घेऊन गेले. त्या संध्याकाळी पिंजरा अंगणात रिकामा उभा होता, बाबा त्याच्या शेजारी उघड्यावर, आणि मी पुन्हा पडवीत, दांडा घेऊन. गल्लीतून जाणारा एकजण म्हणाला, बिबट्याले आत ठेवणार वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा पडवीत पेंगत होते तेव्हा मी खाट आत नेली आणि आडवी झाले. तेव्हा समजलं. उभं राहून पाहिलं तर जाळी आरपार दिसते. आडवं झालं की खेळ बदलतो. पट्ट्या तिरक्या असल्यामुळे एका बाजूने पाहिलं तर भोकं उघडतात, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पट्टीवर पट्टी चढून मिटतात. वेल्डरने कारखान्याच्या सवयीने बाजूच्या सगळ्या चौकटी अशा लावल्या होत्या की पाऊस बाहेर घसरावा, खिडकीच्या झडपांसारख्या. त्यामुळे खाटेवरून बाहेर पाहताना दिसत होती ती फक्त जमीन. कुंपणाचं जोतं, नाल्याची कड, वाळकं गवत. त्याच्या वर सगळं राखाडी लोखंड. वरच्या जाळीतून डोक्यावरचा तुकडा तेवढा दिसे, पण नजर कुठेही वळवली की बंद. माझासुद्धा श्वास जरा जड झाला, आणि मी खाणीत कधी उतरलेली नाही.

वेल्डरला बोलावलं. तोही आडवा झाला.

"अरे बाप्पा," तो खाटेवरून म्हणाला. "इथून तर सब बंद वाटते."

"उलट्या करता येतील?"

"खालचं वर केलं का झालं. पण मंग पाणी आत येईन."

"येऊ दे. पावसात ते पडवीत झोपतात."

बाजूच्या चौकटी सुटल्या, फिरल्या, पुन्हा बसल्या. आता खाटेवरून कडुनिंबाचा शेंडा दिसत होता, पलीकडची टाकी दिसत होती, आणि त्यांच्यामधलं सगळं आकाश. बाबांना आडवं व्हायला लावलं. त्यांची नजर शेंड्यावरून टाकीकडे गेली, परत शेंड्यावर आली. वेल्डरने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मला वाटलं, सुटलं.

"बरं हाय," बाबा म्हणाले. आणि उठून बसले. "दुसरा रस्ता कुठी हाय?"

"कसला दुसरा?"

"बाहेर जायाचा. हा एकच दरवाजा हाय."

"काकाजी, एवढ्याशा जागेले दोन दरवाजे कशाले?" वेल्डर हसला. "एका दरवाजातून आत या, एकातून बाहेर जा, असं देऊळ हाय का?"

बाबा हसले नाहीत. ते सहसा खाणीचं बोलत नाहीत. तेव्हा बोलले, तेही माझ्याकडे न पाहता, जाळीतून टाकीकडे पाहत. एकदा त्यांच्या कामाच्या बाजूचं छत बसलं. ज्या रस्त्याने आत गेले होते तो भरला. दुसरा रस्ता होता म्हणून ते चालत बाहेर आले, लांबून, वाकून, एकामागे एक. "ज्या जागेले एकच रस्ता असते तिथी झोपत नाई कोणी," ते म्हणाले. "कायदा हाय तसा."

हा कायदा खाणीचा आहे, अंगणाचा नाही, हे मी समजावून पाहिलं. इथे वरून काही पडणार नाही. इथे धोका बाहेर आहे, आत नाही. प्रत्येक नवा दरवाजा म्हणजे बिबट्याला नवी जागा. माझं सगळं बोलणं बरोबर होतं, ते त्यांनी शांतपणे ऐकूनही घेतलं, आणि संध्याकाळी खाट पुन्हा बाहेर ओढली. त्याच संध्याकाळी कुंपणाच्या आतल्या बाजूला धुळीत ठसे दिसले. वनखात्याच्या पाटीवर छापलेल्या ठशांसारखेच, फक्त यांच्याखाली कोणा अधिकाऱ्याची सही नव्हती.

वेल्डर तिसऱ्यांदा आला. डोक्याकडच्या बाजूला, पहिल्या दाराच्या समोर, दुसरं दार कापलं. ते बाहेर उघडणारं केलं, म्हणजे बाहेरून ढकलून उघडणार नाही. दारासाठी उरलेल्या जाळीचा तुकडा होता, तो एकाच बाजूने बसत होता, पट्ट्या पावसाच्या रोखाने. "हे एवढं उलटं राह्यलं," वेल्डर म्हणाला. मी म्हटलं, असू दे, एका दाराने काय होतंय. आतून कडी लावली. वेल्डर कडीचं तंत्र समजावत होता, तेवढ्यात बाबांनी डोळे मिटले आणि चाचपडत ती उघडून पाहू लागले. बोटं कडीच्या भोवती फिरली. सापडली, पण वर उचलेना. मग खोकला आला. खोकल्यात हात सुटला, पुन्हा कडी शोधावी लागली. डोळे उघडून ते वेल्डरकडे वळले.

"अंधारात, दम लागला असताना उघडली नाई, तर तो रस्ता नाई. चित्र हाय."

वेल्डरने कडी ढिली केली, तेल घातलं, चहा घेतला आणि घुग्घुसला गेला.

त्या संध्याकाळी बाबा पिंजऱ्यात झोपायला गेले. स्वतःहून. पहिल्या दाराला मी कडी लावली आणि भावाला फोन केला, झालं एकदाचं. त्याने फोटो मागितला. फोटो काढायला म्हणून मागच्या बाजूने गेले तर दुसरं दार हाताएवढं उघडं होतं. फटीत बाबांची चप्पल अडकवलेली.

मी चप्पल काढून दार लावलं. थोड्या वेळाने पाहिलं, चप्पल पुन्हा तिथेच. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा ते खाटेवरूनच म्हणाले, "राहू दे ना, बाई. असं असलं का श्वास येते." आणि खरंच येत होता. मला पडवीतून ऐकू येत होता, सावकाश, शिट्टीविना, महिन्याभरात पहिल्यांदा. भरपूर विचार करून निवडलेली जाळी, जाडी, भोक, जस्त, पट्ट्यांचा रोख, आणि त्या सगळ्यात रबरी चपलेएवढी एक फट. मी ती बंद केली असती तर जाळी पक्की झाली असती आणि बाबा बाहेर आले असते.

भावाला सांगितलं. तो म्हणाला, "तू त्यांना नीट समजाव." मी फोन ठेवला.

आता माझीही खाट आत असते. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या दाराला आडवी टाकली, तर बाबांनी हरकत घेतली. "रस्त्यात झोपू नको." तेव्हा दाराच्या बाजूला, लांबीत टाकली, अशी की माझा हात चौकटीवर पोचतो, वेळ आली तर दार ओढून घेता येतं, आणि रस्ता मोकळा राहतो. दिवेलागणीला आम्ही आडवे होतो. बाबा एकदा उठून काठीने वरची जाळी ठोकतात, आवाज ऐकतात, परत पडतात. ते पडल्या पडल्या काय दिसतं ते सांगतात. टाकीवर बगळे बसले, चांदणी निघाली, कडुनिंबावर काहीतरी हाललं, वानर असेल.

माझ्या बाजूचं दार तेवढं पावसाच्या रोखाचं राहिलेलं आहे. माझ्या खाटेवरून त्यातून आकाश दिसत नाही. नाल्याची कड दिसते, वाळकं गवत दिसतं, आणि कुंपणाखालची ती जागा, जिथून काही आलं तर येईल.